ग्राफिंग कॅल्क्युलेटरशी यूएसबीवरून बोलायचं कसं: पहिल्या नमस्कारापासून फाइल पाठवण्यापर्यंत

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८४ प्लस या ग्राफिंग कॅल्क्युलेटरला केबल लावायची, आपण लिहिलेल्या प्रोग्राममधून त्याला "तुझं नाव काय?" असं विचारायचं आणि उत्तर मिळवायचं, हे या लेखाचं पहिलं ध्येय. ते जमलं की त्याच्या स्क्रीनचा फोटो घेऊ आणि मग फाइलकडे वळू. कंपनीचं तयार सॉफ्टवेअर हे सगळं करतंच. पण त्या केबलमधून नेमकं काय ये-जा करतं हे स्वतः पाहायची खाज असेल, तर पुढे वाचा.

तयारी म्हणून एखादी प्रोग्रामिंग भाषा बऱ्यापैकी यायला हवी आणि बाइट, बिट हे शब्द परके नसावेत. भाषा कुठलीही चालेल. नवख्यांना मी पायथन आणि त्यावरची पाययूएसबी लायब्ररी सुचवतो, कारण एकेक ओळ चालवून लगेच परिणाम बघता येतो. सी किंवा रस्ट वापरणाऱ्यांनी थेट लिबयूएसबी ही यूएसबी उपकरणांशी बोलायची लायब्ररी घ्यावी. पाययूएसबीसुद्धा बहुतेक वेळा आतून तिचाच आधार घेते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. यूएसबीचा भाग सोपा आहे, एका दुपारी उरकतो. वेळ खातो तो कॅल्क्युलेटरचा शिष्टाचार: आधी कोण बोलणार, किती बोलणार, आणि समोरच्याने "ऐकलं" म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य उच्चारायचं नाही. म्हणून यूएसबीवर मी भरभर जाणार आहे आणि या शिष्टाचारापाशी रेंगाळणार आहे.

आधी केबल, मग ड्रायव्हर

टीआय-८४ प्लसला मिनी-यूएसबी लागते. तुमच्या खणात पडलेली मिनी केबल फक्त चार्जिंगची असू शकते. तिच्यात डेटाच्या तारा नसतात आणि मग कॉम्प्युटरला काहीच दिसत नाही. कोडमध्ये चूक शोधण्याआधी केबल बदलून पाहा. हसू नका, यात लोकांच्या संध्याकाळी गेल्या आहेत.

कॅल्क्युलेटर चालू करून होम स्क्रीनवर ठेवा. प्रोग्राम चालू असताना किंवा कॅल्क्युलेटर झोपलेला असताना तो नीट उत्तर देत नाही, आणि काही मिनिटं एकही बटण दाबलं नाही तर तो आपणहून बंद होतो. प्रयोग करताना अधूनमधून एखादं बटण दाबत राहायची सवय लावून घ्या.

आता ऑपरेटिंग सिस्टिम. लिनक्सवर "एलएसयूएसबी" ही आज्ञा चालवली की जोडलेल्या उपकरणांची यादी मिळते. प्रत्येकापुढे दोन क्रमांक असतात: बनवणाऱ्याचा आणि उत्पादनाचा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा क्रमांक ०४५१. त्यापुढे टीआय-८४ प्लससाठी ई००३, टीआय-८९ टायटॅनियमसाठी ई००४, आणि ८४ प्लस सिल्व्हर एडिशनसाठी ई००८ येतो. हे क्रमांक हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर लिहिलेले आहेत. पुढचे सगळे बाइटही तसेच लिहितो, फक्त ए ते एफ ही अक्षरं इथे देवनागरीत आहेत. उदाहरणार्थ "डी०" म्हणजे आपल्या नेहमीच्या दशमानात २०८.

लिनक्सवर साध्या युजरला यूएसबी उपकरणात लिहायची परवानगी सहसा नसते. प्रोग्राम रूट म्हणून चालवला तर काम होतं, पण ती वाईट सवय आहे. त्याऐवजी यूडेव्हचा (लिनक्समध्ये जोडलेली उपकरणं सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा) एक नियम लिहा: बनवणाऱ्याचा क्रमांक ०४५१ असेल तर लॉगिन केलेल्या युजरला प्रवेश द्यावा. नियम लिहिल्यावर केबल काढून पुन्हा लावा, नाहीतर तो लागूच होत नाही आणि आपण नियमात स्पेलिंगची चूक शोधत बसतो.

विंडोजवर मामला वेगळा आहे. लिबयूएसबीला उपकरणाशी बोलायला त्यावर विनयूएसबी ड्रायव्हर बसवावा लागतो. झाडिग नावाचं छोटं टूल ते करून देतं. मात्र हे केलं की कंपनीच्या सॉफ्टवेअरला कॅल्क्युलेटर दिसायचा थांबू शकतो. जुना ड्रायव्हर डिव्हाइस मॅनेजरमधून परत आणता येतो, पण हा बदल आपण केला होता हे लक्षात राहायला हवं. मॅकवर सहसा असं काहीच करावं लागत नाही.

नळ शोधायचे

प्रोग्राममध्ये पहिली पायरी म्हणजे ०४५१ आणि ई००३ देऊन उपकरण शोधणं. मग कॉन्फिगरेशन सेट करायचं आणि इंटरफेस आपल्या ताब्यात घ्यायचा. त्या इंटरफेसचं वर्णन वाचलं की त्यात एंडपॉइंट सापडतात. एंडपॉइंट म्हणजे एकाच दिशेने वाहणारा नळ. आपल्याला दोन बल्क, म्हणजे डेटाचे गठ्ठे वाहणारे, एंडपॉइंट हवेत, एक कॅल्क्युलेटरकडे जाणारा आणि एक त्याच्याकडून येणारा. पत्त्याचा सर्वांत वरचा बिट १ असेल तर तो येणारा, ० असेल तर जाणारा. हे पत्ते कोडमध्ये ठोकून बसवू नका, वर्णनातूनच वाचा. पुढे दुसरं मॉडेल हाती आलं की याचा फायदा होतो.

इथे नवख्यांना हमखास गाठणारा एक खड्डा आहे. एंडपॉइंटच्या वर्णनात पॅकेटचा कमाल आकार दिलेला असतो. फुल स्पीड यूएसबीत बल्क पॅकेट ६४ बाइटांहून मोठं नसतं. समजा तुम्हाला फक्त ५ बाइट वाचायचे आहेत, म्हणून तुम्ही "५ बाइट दे" म्हणालात, आणि कॅल्क्युलेटरने एका दमात ४० पाठवले. उरलेले ३५ तुमची वाट बघत थांबत नाहीत. लिबयूएसबी ओव्हरफ्लोची त्रुटी देते आणि ते बाइट हातचे जातात. म्हणून वाचताना नेहमी कमाल आकाराच्या पटीतच मागायचं, आलेलं सगळं आपल्या एका बादलीत ओतायचं, आणि हवे तेवढे बाइट त्या बादलीतून काढायचे. बादली रिकामी झाली की पुन्हा नळ सोडायचा. "न बाइट दे" असं एक छोटं फंक्शन लिहून ही बादली त्यात लपवून टाका. पुढचा सगळा कोड या एका फंक्शनवर उभा राहतो.

प्रत्येक वाचनाला टाइमआउट ठेवा, दोनेक सेकंद पुरेत. टाइमआउट नसेल तर पहिल्याच चुकीला प्रोग्राम कायमचा लटकतो आणि चूक कुठे झाली ते कळतच नाही.

संभाषणाचे दोन थर

टीआय-८४ प्लसच्या यूएसबी प्रोटोकॉलला, म्हणजे मघाच्या शिष्टाचाराला, छंदी मंडळी डीयूएसबी म्हणतात, म्हणजे डायरेक्ट यूएसबी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जुन्या कॅल्क्युलेटरांत २.५ मिलिमीटरच्या गोल पोर्टवरून जो प्रोटोकॉल चालायचा, त्याच्याशी याची गल्लत करू नका. शोधताना सापडणारी बरीच जुनी माहिती त्या गोल पोर्टची असते. सिल्व्हरलिंक नावाची केबल एका बाजूला यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला तो गोल पोर्ट जोडते, पण तिच्यातून वाहते ती जुनीच भाषा.

डीयूएसबीत दोन थर आहेत. खालच्या थरातल्या पॅकेटला कच्चं पॅकेट म्हणतात. त्याचा साचा सरळ आहे: आधी ४ बाइटांत लांबी, मग १ बाइटात प्रकार, मग मजकूर. प्रकार पाचच आहेत. ०१ म्हणजे "मी एवढा मोठा तुकडा पाठवू का?", ०२ म्हणजे त्याचं उत्तर, ०३ म्हणजे मजकुराचा तुकडा (अजून आहे), ०४ म्हणजे मजकुराचा शेवटचा तुकडा, आणि ०५ म्हणजे पोच.

वरच्या थरात आभासी पॅकेट असतं: ४ बाइट लांबी, २ बाइट प्रकार, मग मजकूर. खरं बोलणं इथे होतं. आभासी पॅकेट मोठं असेल तर त्याचे तुकडे करून कच्च्या पॅकेटांत भरतात. पत्र आणि पाकिटं असं समजा. पत्र कितीही लांब असो, पाकिटाचा आकार ठरलेला, आणि प्रत्येक पाकीट मिळाल्याची पोच द्यावीच लागते.

केबलवरचे सगळे आकडे बिग एंडियन, म्हणजे मोठा बाइट आधी. हे लक्षात ठेवा, फाइलपाशी पोचलो की याची आठवण करून देणार आहे.

पहिला नमस्कार

सुरुवात नेहमी आपण करायची. १०२४ बाइटांचा तुकडा चालेल का, हे विचारणारं पॅकेट असं:

०० ०० ०० ०४ ०१ ०० ०० ०४ ००

पहिले चार बाइट लांबी (४), मग प्रकार ०१, मग १०२४ हा आकडा. टीआय-८४ प्लसकडून याचं उत्तर येतं:

०० ०० ०० ०४ ०२ ०० ०० ०० एफए

एफए म्हणजे २५०. "बाबा रे, १०२४ मला झेपणार नाहीत, २५० चे तुकडे कर," असं तो सांगतोय. हा आकडा जपून ठेवा. एका कच्च्या पॅकेटात यापेक्षा जास्त मजकूर भरायचा नाही. दुसरी मॉडेल वेगळा आकडा देतात, त्यामुळे २५० हे गृहीत न धरता उत्तरातूनच वाचायचं.

हे नऊ बाइट स्क्रीनवर पाहिले की खरं तर अर्धं काम झालं. केबल, ड्रायव्हर, परवानगी, एंडपॉइंट, बादली, सगळं बरोबर आहे याचा तो पुरावा असतो.

पुढचं पाऊल म्हणजे मोड ठरवणं. हे आपलं पहिलं आभासी पॅकेट. प्रकार ०००१, मजकूर १० बाइट:

०० ०० ०० १० ०४ ०० ०० ०० ०ए ०० ०१ ०० ०३ ०० ०१ ०० ०० ०० ०० ०७ डी०

डावीकडून सोडवून बघा. कच्ची लांबी १०, म्हणजे दशमानात १६. प्रकार ०४, कारण एकच आणि शेवटचा तुकडा. त्याच्या आत आभासी लांबी ०ए, म्हणजे १०. आभासी प्रकार ०००१. मग मजकूर, त्यात पहिला आकडा ३ हा नेहमीच्या कामाचा मोड. ४ अधिक २ अधिक १० बरोबर १६, हिशोब जुळला. अशी बेरीज प्रत्येक पॅकेटला करायची. लांबी एकाने जरी चुकली तरी कॅल्क्युलेटर पुढच्या बाइटची वाट बघत बसतो, आपण त्याच्या उत्तराची, आणि दोघंही गप्प.

यानंतर लागोपाठ दोन गोष्टी येतात. आधी पोच:

०० ०० ०० ०२ ०५ ई० ००

आणि मग कॅल्क्युलेटरचं स्वतःचं आभासी पॅकेट, प्रकार ००१२, म्हणजे "मोड मान्य". ते वाचून झालं की आपल्याकडूनही हीच पोच, अगदी हेच सात बाइट, पाठवायची.

ही परतीची पोच मी सुरुवातीला पाठवतच नव्हतो. उत्तर तर हातात आलंय, मग अजून काय हवं, असा माझा समज. पुढच्या प्रश्नाला कॅल्क्युलेटर मुका. दोन संध्याकाळी मी पुढच्या प्रश्नाचे बाइट तपासत घालवल्या. ते पहिल्यापासून बरोबर होते, चूक मागच्या पायरीतली होती. तेव्हापासून एक नियम पाळतो: आभासी पॅकेट वाचणाऱ्या फंक्शनच्या आतच पोच पाठवायची, ती वेगळी आठवणीवर सोडायची नाही. तसंच पाठवणाऱ्या फंक्शनने समोरची पोच वाचूनच परत यायचं. या दोन फंक्शनांच्या बाहेर प्रकार ०५ कुठेही दिसता कामा नये.

"तुझं नाव काय?"

कॅल्क्युलेटरकडे बरीच माहिती क्रमांक लावलेल्या कप्प्यांत असते. मॉडेलचं नाव ०००२ मध्ये, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती ०००बी मध्ये, मोकळी रॅम ०००ई मध्ये, स्क्रीनवरचं चित्र ००२२ मध्ये. कप्पा उघडायला आभासी प्रकार ०००७ वापरायचा. मजकुरात आधी किती कप्पे हवेत ते, मग त्यांचे क्रमांक, सगळे दोन-दोन बाइटांत. नाव आणि मोकळी रॅम एकदम मागायची तर:

०० ०० ०० ०सी ०४ ०० ०० ०० ०६ ०० ०७ ०० ०२ ०० ०२ ०० ०ई

उत्तर प्रकार ०००८ मध्ये येतं, पण बरेचदा लगेच नाही. आधी बीबी०० प्रकारचं पॅकेट येऊ शकतं. त्याचा अर्थ "थांब जरा, शोधतोय". आत ४ बाइटांत किती थांबायचं ते मायक्रोसेकंदांत दिलेलं असतं. तेही आभासी पॅकेटच, म्हणजे त्यालाही पोच द्यायची, तेवढं थांबायचं आणि पुन्हा वाचायचं. ही सोयही वाचणाऱ्या फंक्शनमध्येच घाला: बीबी०० आलं तर थांबून पुढचं आण, ईई०० आलं तर ती त्रुटी आहे म्हणून ओरड, बाकी काही आलं तर वर दे.

०००८ च्या मजकुरात आधी कप्प्यांची संख्या. मग प्रत्येक कप्प्यासाठी २ बाइट क्रमांक आणि १ बाइटाची खूण. इथे ० म्हणजे सगळं ठीक, दुसरं काही असेल तर हा कप्पा या मॉडेलमध्ये नाही. शून्य उलट्या अर्थाने वापरलंय हे ध्यानात घ्या. खूण ठीक असेल तरच पुढे २ बाइट लांबी आणि मग माहिती येते. खूण ठीक नसेल तर लांबीसुद्धा येत नाही, थेट पुढचा कप्पा सुरू होतो. इथे गडबड झाली की पहिला कप्पा बरोबर आणि पुढचे सगळे भलतेच दिसतात.

नाव अक्षरांत येतं, सरळ छापा. आपल्या प्रोग्रामच्या खिडकीत कॅल्क्युलेटरचं नाव उमटतं, तेव्हा थोडं मिरवून घ्यायला हरकत नाही.

स्क्रीनचा फोटो

आता तोच प्रश्न ००२२ या कप्प्यासाठी विचारा. ८४ प्लसचा स्क्रीन ९६ बाय ६४ ठिपक्यांचा, प्रत्येक ठिपक्याला एक बिट. म्हणजे एका ओळीला १२ बाइट, ६४ ओळींचे ७६८. हे २५० च्या तुकड्यात मावणार नाही, म्हणून तुकडे जोडण्याची पहिली खरी परीक्षा इथे होते.

हिशोब करू. मजकुरात संख्येचे २, क्रमांकाचे २, खुणेचा १, लांबीचे २ आणि चित्राचे ७६८, एकूण ७७५ बाइट. त्यावर आभासी पॅकेटचं ६ बाइटांचं डोकं धरून ७८१. २५० च्या तुकड्यांनी तीन भरलेली पाकिटं प्रकार ०३ ची आणि ३१ बाइटांचं चौथं प्रकार ०४ चं. चारही पाकिटांना स्वतंत्र पोच. सहा बाइटांचं डोकं फक्त पहिल्या पाकिटात असतं, पुढच्यांत नाही. प्रत्येक पाकिटातून सहा बाइट काढून टाकणारा कोड लिहिलात तर चित्र मधेमधे सरकलेलं दिसेल. सरकलेलं चित्र दिसलं की आधी इथेच बघा.

हे ७६८ बाइट चित्र म्हणून बघायला कुठलीही इमेज लायब्ररी लागत नाही. पीबीएम नावाचा जुना, साधा फाइल प्रकार आहे. त्यात १ बिट म्हणजे काळा आणि बाइटातला वरचा बिट डावीकडचा ठिपका, नेमकं कॅल्क्युलेटरसारखंच. फाइलच्या सुरुवातीला इंग्रजी मोठ्या लिपीतलं "पी" आणि आकडा ४, नवी ओळ, ९६ आणि ६४ मध्ये जागा सोडून, पुन्हा नवी ओळ, आणि लगेच ७६८ बाइट जसेच्या तसे. हे आकडे अर्थातच साध्या आस्कीमध्ये हवेत. बऱ्याच इमेज व्ह्यूअरमध्ये ही फाइल थेट उघडते.

रंगीत टीआय-८४ प्लस सीईमध्ये स्क्रीन ३२० बाय २४० चा आणि ठिपक्याला १६ बिट, म्हणजे १,५३,६०० बाइट. त्यामुळे लांबी ७६८ असेल असं धरून कोड लिहू नका. आभासी पॅकेटच्या डोक्यातली लांबी पाहून ठरवा, कारण एवढा आकडा कप्प्याच्या २ बाइट लांबीत मावत नाही.

फाइल: इथे दिशा उलटते

वाचणं जमलं की लिहायचा मोह होतो. लिहिण्याआधी फाइलचं पोट उघडून पाहा. प्रोग्रामची फाइल, म्हणजे ८एक्सपी, अशी असते: ८ बाइटांची ओळख (दोन तारका, टीआय८३एफ, एक तारका), मग १ए ०ए ०० हे तीन बाइट, ४२ बाइट टिप्पणी, आणि २ बाइटांत पुढच्या भागाची लांबी. झाले ५५. त्यानंतर खरा ऐवज, आणि अगदी शेवटी २ बाइट चेकसम: ऐवजातल्या सगळ्या बाइटांची बेरीज, त्यातले फक्त खालचे १६ बिट.

ऐवजाच्या डोक्यात १७ बाइट असतात: ०डी ००, माहितीची लांबी, १ बाइट प्रकार (साध्या प्रोग्रामसाठी ०५, कुलूपबंदसाठी ०६), ८ बाइट नाव, १ आवृत्ती, १ बाइट आर्काइव्हची (रॅमऐवजी फ्लॅशमध्ये ठेवल्याची) खूण, आणि पुन्हा एकदा लांबी. म्हणजे माहिती ७२ व्या स्थानापासून सुरू, मोजणी शून्यापासून. प्रोग्रामच्या माहितीतले पहिले दोन बाइट पुन्हा लांबीच. एकच गोष्ट इतक्यांदा सांगायची गरज काय, हे मलाही कधी पटलं नाही, पण चारही ठिकाणचे आकडे जुळावेच लागतात.

आता मघाशी दिलेलं वचन. केबलवर मोठा बाइट आधी होता, फाइलमध्ये छोटा आधी आहे. केबलवर पाच म्हणजे ०० ०५, फाइलमध्ये ०५ ००. विसरलात तर पाचचे १२८० होतात. लांबी अचानक हजारांत गेली की हाच संशय आधी घ्यायचा.

आणखी एक गंमत. कॅल्क्युलेटरचा बेसिक प्रोग्राम अक्षरांत साठवलेला नसतो, टोकनमध्ये असतो. स्क्रीनवर मजकूर दाखवणारी "डिस्प" ही आख्खी आज्ञा म्हणजे डीई हा एकच बाइट. अवतरणचिन्ह २ए, ओळीचा शेवट ३एफ. "डिस्प" करून "एचआय" दाखवायचं तर डीई २ए ४८ ४९ २ए, एकूण पाच बाइट. मोठी इंग्रजी अक्षरं आस्कीप्रमाणेच आहेत, पण त्या भरवशावर बाकीची चिन्हंही तशीच असतील असं समजू नका.

पाठवण्याचा क्रम असा: प्रकार ०००बी ने "एक फाइल पाठवू का" विचारायचं. त्यात नावाची लांबी, नाव, एक शून्य बाइट, आकार आणि प्रकारासारखे काही गुणधर्म असतात. कॅल्क्युलेटर एए०० ने होकार देतो. मग ०००डी मध्ये माहिती, पुन्हा एए००, आणि शेवटी आपल्याकडून डीडी००, म्हणजे "झालं माझं". ५५ बाइटांचं डोकं आणि चेकसम केबलवरून जात नाहीत, ते फक्त डिस्कवरच्या फाइलसाठी. गुणधर्मांचे नेमके बाइट मॉडेलप्रमाणे बदलतात, म्हणून तिथे अंदाजाने लिहू नका. खरं संभाषण ऐका.

ऐकायचं कसं

लिनक्सवर यूएसबीमॉन हा कर्नलचा भाग चालू करून वायरशार्क या पॅकेट बघायच्या प्रोग्राममध्ये यूएसबीची वाहतूक बघता येते, विंडोजवर यूएसबीपीकॅप तेच काम करतं. टिल्प हा टीआय कॅल्क्युलेटरशी बोलणारा मुक्त स्रोत प्रोग्राम किंवा कंपनीचं सॉफ्टवेअर चालवा, एकच छोटी कृती करा आणि नोंद तपासा. "एकच" यावर जोर आहे. पाच गोष्टी एकदम केल्या तर पॅकेटांच्या ढिगाऱ्यात हरवाल. आधी स्क्रीनशॉट घ्या, वर दिलेले बाइट त्यात शोधा, सापडले की नजर तयार होते. मग एक अक्षरी नावाचा चिमुकला प्रोग्राम पाठवा आणि ०००बी चं पॅकेट वाचा. नंतर नाव बदलून तेच करा. कुठले बाइट बदलले ते पाहिलं की कोडं आपोआप सुटतं.

या नोंदी फेकू नका. पॅकेट बनवणारी आणि सोडवणारी फंक्शनं यूएसबीपासून अलग ठेवलीत, म्हणजे बाइट घेतले, बाइट दिले एवढंच, तर जपलेल्या नोंदींवर ती कॅल्क्युलेटर न जोडताही तपासता येतात. माझ्या मते नवख्याचा सगळ्यात जास्त वेळ ही सवय वाचवते.

अडकल्यावर

प्रोग्राम मधेच मारला तर कॅल्क्युलेटर अर्ध्या वाक्यात अडकलेला राहतो. पुढच्या वेळी पहिल्याच वाचनात मागचं शिळं उत्तर येतं. म्हणून सुरुवातीला बादली आणि नळ दोन्ही रिकामे करा: छोट्या टाइमआउटने काही येईनासं होईपर्यंत वाचत राहा आणि मगच नमस्कार. त्यानेही जमलं नाही तर लिबयूएसबीतून उपकरण रीसेट करा, मग केबल काढून लावा. अगदीच गोठला तर ८४ प्लसची एक बॅटरी काढून परत घालतात, सीईला मागच्या बाजूला रीसेटचं बटण आहे. यात रॅममधलं सगळं जाऊ शकतं. आर्काइव्ह केलेलं फ्लॅशमध्ये असल्यामुळे सहसा टिकतं. तेव्हा प्रयोगाआधी महत्त्वाचं सगळं आर्काइव्ह करा आणि एक प्रत कॉम्प्युटरवरही ठेवा.

प्रोटोकॉलमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम पाठवायची पॅकेटंही आहेत. त्यांच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. कॅल्क्युलेटर सही तपासूनच नवी सिस्टिम स्वीकारतो. २००९ साली टीआय-८३ प्लसची ५१२ बिटांची सहीची किल्ली छंदी लोकांनी गणिताच्या जोरावर फोडली, कंपनीने कायदेशीर नोटिसा धाडल्या, आणि इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन त्या लोकांच्या बाजूने उभं राहिलं. किस्सा रंगतदार आहे, पण पहिल्या आठवड्यात आपलं काम नाव विचारण्याचं आहे. तसंच उसना आणलेला किंवा परीक्षेला न्यायचा कॅल्क्युलेटर या प्रयोगांना वापरू नका.

सगळं हातानेच लिहायचं का?

नाही. टिल्पच्या पोटात तीन-चार लायब्ररी आहेत: लिबटीकेबल्स केबल सांभाळते, लिबटीकॅल्क्स संभाषण, लिबटीफाइल्स फाइलचे साचे. लोकांना वापरायला द्यायचं सॉफ्टवेअर असेल तर त्या घ्या, फक्त त्यांचा जीपीएल परवाना आपल्या प्रकल्पाला चालतो का ते आधी बघा. त्यांचा सी कोड हा या प्रोटोकॉलच्या माहितीचा मोठा साठाही आहे. पण एकदा नमस्कार आणि नाव स्वतःच्या हाताने केलेलं असलं, की लायब्ररीने दिलेली त्रुटी वाचून नेमकं कुठे बिनसलं ते कळतं.

ब्राउझरमधूनही हेच करता येतं. क्रोममध्ये २०१७ पासून वेबयूएसबी आहे. तिथे तेच एंडपॉइंट, तेच बाइट, फक्त युजरने खिडकीतून उपकरण निवडून परवानगी द्यायची. फायरफॉक्स आणि सफारीत ही सोय नाही. विंडोजवर विनयूएसबी ड्रायव्हरची अट इथेही सुटत नाही.

दुसऱ्या घराण्यांत भाषा बदलते. टीआय-एनस्पायरचा प्रोटोकॉल सर्वस्वी वेगळा आहे, वरचं काहीच तिथे चालत नाही. कॅसिओचा एफएक्स-सीजी५० पेन ड्राइव्हसारखा दिसू शकतो, म्हणजे फाइल नुसती कॉपी करायची. एचपी प्राइम कीबोर्ड-माउसच्या एचआयडी वर्गातून बोलतो, म्हणून तिथे लिबयूएसबीपेक्षा एचआयडीएपीआय ही लायब्ररी सोयीची. नमवर्क्स डीएफयू हा फर्मवेअर चढवायचा प्रमाणित यूएसबी वर्ग वापरतो, आणि त्याचं वर्णन जाहीर आहे. यातला कुठलाही हातात असेल तर सुरुवात तीच: दोन क्रमांक वाचा, एंडपॉइंट मोजा, आणि काहीही पाठवायच्या आधी तयार सॉफ्टवेअर त्याच्याशी काय बोलतं ते वायरशार्कमध्ये ऐकत बसा.